मामाचं बोट काचेला कळत नाही

गेल्या दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा मामाचा फोन वाजत होता आणि मामा उचलत नव्हता. म्हणजे उचलायचा प्रयत्न जोरात चालू होता, ते हिरवं बटण वर सरकवायचं असतं ना, ते तो सरकवत होता, एकदा, दोनदा, मग जरा दाबून, मग दात-ओठ खाऊन, आणि फोन आपला निवांत गाणं म्हणतोय. रिंग संपली. आतनं मामी ओरडली, "अहो, जिभेला लावा की बोट!" मग मामाने नोटा मोजताना लावतात तसं बोट जिभेला लावलं आणि स्वतःच परत फोन केला. लागला.

मला हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं. कारण ह्या माणसाने तीसेक वर्षं टीव्ही रिपेअर केलेत. पंचवीस हजार व्होल्टच्या शेजारी हात घालून काम करणारा माणूस, आणि आता त्याच्या बोटाला हाताएवढी काच दाद देत नाही.

मामाचं दुकान स्टँडच्या मागे होतं. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल, आणि भिंतीला लावून पाठ उघडे टाकलेले टीव्ही, एकावर एक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुपारभर तिथेच असायचे, कारण पंखा तिथला चांगला होता. सोल्डरच्या धुराचा वास, रेडिओवर बातम्या, आणि मामाचा एकच नियम: ए पोरी, हात लावायचा न्हाय. घरीही तेच. आमच्या घरच्या टीव्हीला लाकडी शटर होतं, त्यावर आईने भरलेला रुमाल, त्यावर फुलदाणी, आणि काचेला बोट लागलं की पाठीत धपाटा. काचेवर बोटांचे ठसे म्हणजे घरात संस्कार नाहीत असं काहीतरी.

पण हात लावायची मजा तर होतीच. टीव्ही चालू करून लगेच काचेजवळ हात नेला की अंगावरची लव उभी राहायची, बोट टेकलं की चर्र चर्र आवाज, आणि कागदाचे कपटे चिकटवले तर चिकटून राहायचे. बार्शीच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तर विचारूच नका. काचेच्या आतल्या बाजूला हजारो व्होल्ट, त्यामुळे बाहेरच्या बाजूलाही चार्ज जमतो, धूळ पण त्यानेच ओढली जाते. तेव्हा हे काही कळत नव्हतं. मला वाटायचं आतली बाई मला खेचतेय.

मामा सेट उघडला की पहिलं काम एकच करायचा. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, त्याला एक वायर, वायरचं दुसरं टोक पिक्चर ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या जाळीला, आणि मग डावा हात पाठीमागे, अक्षरशः कमरेवर मागे ठेवलेला, आणि उजव्या हाताने, ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट जिथून शिरतात त्या रबरी टोपीखाली हळूच टोक सरकवायचं. फट्! छोटीशी निळी ठिणगी. सेट काल रात्री बंद केलाय, प्लग काढलाय, तरीही. एक हात मागे का तर करंट एका हातातनं शिरून दुसऱ्या हातातनं बाहेर पडला तर वाटेत काळीज लागतं. "ट्यूब मेली तरी डसती," मामा म्हणायचा.

का डसते ते मला कॉलेजला गेल्यावर कळलं. पिक्चर ट्यूबच्या मागच्या फुगीर भागाला आतून आणि बाहेरून ग्राफाइटचा काळा लेप दिलेला असतो, मधे काच. दोन वाहक थर आणि मधे काच, म्हणजे झाला की कपॅसिटर. चार्ज धरून बसतो. अख्खी ट्यूबच एक मोठा काचेचा रांजण, विजेने भरलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी ट्यूबचं काम बघायला गेलं तर साधं आणि बघायला गेलं तर अचाट. मागे निमुळती मान, तिच्यात नारिंगी पेटणारा हीटर, त्यातनं निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत, मानेवर तांब्याच्या तारेचं योक, ते चुंबकाने झोत वळवतं, आणि समोरच्या काचेला आतून लावलेली पावडर झोत पडला की चमकते. एका वेळी एकच ठिपका! आपण जे चित्र बघायचो ते पूर्ण असं कधी नसायचंच, एक ठिपका धावत असायचा आणि बाकीचं आपला डोळा धरून ठेवायचा. एका चित्राला ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. आणि ह्या १५,६२५ चा आवाज यायचा! बारीक शिट्टीसारखा. मामाला ऐकू यायचा नाही, त्या वयात तेवढा वरचा सूर कानाला लागत नाही, पण मला स्वच्छ ऐकू यायचा, बोळातनं चालत जाताना कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे ते आवाज बंद असला तरी मी सांगायचे. मामा गिऱ्हाइकांसमोर माझी परीक्षा घ्यायचा. मी पास व्हायचे आणि मला एक रुपया मिळायचा. आता असा टीव्ही समोर आला तरी मला ऐकू येणार नाही बहुतेक.

मामाकडे सगळ्यात जास्त येणारं दुखणं म्हणजे आडवी रेघ. पूर्ण पडदा काळा आणि मधोमध एकच पांढरीशुभ्र रेघ. व्हर्टिकल गेलं. झोत डावी-उजवीकडे पळतोय पण वर-खाली व्हायचं विसरलाय. गिऱ्हाईक रडवेलं होऊन यायचं, "संपला काय ओ टीव्ही?" आणि मामा एखादा ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला टाका, शोधून दहा मिनिटात चित्र उभं करायचा.

ह्या रेघेवरनं मला कायम फार्न्सवर्थ आठवतो. फायलो फार्न्सवर्थ. अमेरिकेत आयडाहो राज्यातलं रिग्बी गाव, शेतकऱ्याचा पोरगा, १९२१ साल, वय १४. शेतात घोडे जुंपून तासं काढताना मागे वळून बघतो तर एकाशेजारी एक समांतर तासं, आणि ह्याच्या डोक्यात येतं की चित्र असंच काढता येईल, एकामागून एक तास, इलेक्ट्रॉनने. शेतातल्या माणसाला हे सुचावं ह्यात मला नवल वाटत नाही. नवल पुढच्याचं वाटतं, की त्याने शाळेत जाऊन आपल्या केमिस्ट्रीच्या सरांना, जस्टिन टोलमनना, फळ्यावर सगळं काढून दाखवलं आणि सरांनी हसण्यावारी नेलं नाही. ७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीन स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत त्याने पहिलं पूर्ण इलेक्ट्रॉनिक चित्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलं. काय होतं चित्र? एक रेघ. बास. मामाकडे जी दिसली की सेट बिघडला म्हणायचं, तीच रेघ तिथे दिसली म्हणून माणसं नाचली असतील.

पुढे आरसीए नावाच्या बलाढ्य कंपनीशी पेटंटचं भांडण झालं, त्यांच्याकडे झ्वोरिकिन नावाचा तितकाच हुशार रशियन माणूस होता आणि वकिलांची फौज होती. फार्न्सवर्थच्या बाजूने कोण उभं राहिलं तर टोलमन सर, पोराने शाळेत काढलेली आकृती त्यांनी आठवून परत काढून दाखवली. १९३४ मध्ये निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला आणि १९३९ मध्ये आरसीएला त्याला पैसे मोजावे लागले. मग युद्ध आलं, मग पेटंटची मुदत संपत आली, आणि घराघरात टीव्ही जायला लागले तेव्हा ह्याच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. १९७१ च्या मार्चमध्ये तो गेला.

तसं ट्यूबचा मूळपुरुष शोधायचा तर अजून मागे जावं लागतं, १८९७, स्ट्रासबर्ग, कार्ल फर्डिनांड ब्राऊन. त्याने ट्यूबचं पेटंट घेतलं नाही. त्याला १९०९ चं नोबेल मिळालं ते मार्कोनीबरोबर आणि बिनतारी संदेशाच्या कामासाठी, म्हणजे ट्यूबसाठी नाहीच. आणि जपानमध्ये हामामात्सुला ताकायानागी नावाच्या शिक्षकाने २५ डिसेंबर १९२६ ला, फार्न्सवर्थच्या आधी काही महिने, असल्याच ट्यूबवर एक अक्षर उमटवलं होतं, जपानी लिपीतला 'इ', फक्त ४० रेघांत. त्याचा कॅमेरा फिरत्या चकतीचा होता म्हणून 'पूर्ण' इलेक्ट्रॉनिकचा मान फार्न्सवर्थकडे गेला. असो. ह्या मानापानात मला रस नाही, पण पहिल्या चित्रात कुणी राजा-राणी न दाखवता रेघ आणि 'इ' दाखवावा हे मला भारी आवडतं. पाटीवर पहिलं काय काढतो आपण?

आता माझा गुन्हा सांगते. कलर टीव्ही दुकानात यायला लागल्यावरची गोष्ट. गिऱ्हाइकाचा सेट, एकवीस इंची, दुरुस्त होऊन टेस्टिंगला चालू ठेवलेला. मामा चहाला गेला होता. मला टेबलावर फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट सापडलं. मी ते काचेजवळ नेलं, आणि बापरे, सगळे रंग त्याच्याकडे पळत आले, हिरवं जांभळं झालं, बातम्या देणाऱ्या बाईचं अर्धं तोंड निळं. मी पाच मिनिटं स्वर्गात होते. मग मॅग्नेट काढलं तर डाग तसाच. जांभळा, बशीएवढा, हलेचना. मी फडक्याने पुसलासुद्धा!

मामा आला, बघितलं, मला काही बोलला नाही. कपाटावरनं एक तारेचं कडं काढलं, चाळणीएवढं, काळ्या टेपने गुंडाळलेलं, प्लग लावला आणि ते काचेसमोर गोल गोल फिरवायला लागला, आरती ओवाळतात तसं, आणि फिरवत फिरवत मागे सरकत पार रस्त्यापर्यंत गेला, वायर संपेपर्यंत. डाग गेला. त्यानंतर समजावून सांगितलं ते असं: कलर ट्यूबमध्ये काचेच्या मागे पोलादाच्या पत्र्याची जाळी असते, लाखो बारीक भोकांची. तीन झोत, लाल-हिरवा-निळा, त्यांनी आपापल्याच ठिपक्यावर पडावं म्हणून. तू त्या जाळीला चुंबक केलंस, झोत वाकडे झाले, लालवाला हिरव्याच्या घरात गेला. ह्या जाळीला शॅडो मास्क म्हणतात, आरसीएवाल्यांनी १९५० मध्ये ती चालवून दाखवली, आणि त्यातली गंमत (मामाला हे माहीत नव्हतं, मी नंतर वाचलं) अशी की निघालेल्या इलेक्ट्रॉनपैकी पाचातले चार त्या पत्र्यावरच आपटून फुकट जातात. एवढा फुकटा कारभार, तरी पन्नास वर्षं जगाने त्यावर रंगीत टीव्ही बघितला. सोनीने १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉन काढला त्यात भोकांऐवजी उभ्या तारा ताणल्या, चित्र जास्त उजळ. त्या तारा थरथरू नयेत म्हणून एक-दोन आडव्या तारा लावाव्या लागल्या आणि पांढऱ्या पडद्यावर त्यांची केसाएवढी सावली दिसायची. लोक तो डिफेक्ट म्हणून मामाकडे घेऊन यायचे.

आणि ट्यूब म्हातारी व्हायची. 'ट्यूब वीक झाली' असं म्हणायचे. सकाळी चालू केली की चित्र यायला पाच मिनिटं, आलं तरी फिकट, चेहरे राख फासल्यासारखे. नवीन ट्यूब म्हणजे अर्ध्या टीव्हीचे पैसे. मग मामा एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, कोअरवर वायरचे एक-दोन वेढे जास्तीचे मारायचा, त्याने हीटरला जरा जास्त व्होल्टेज मिळतं, आणि म्हातारी ट्यूब एकदम तरणी. "सहा महिने चालंल," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, खोटं कधी सांगितलं नाही. बऱ्याच वर्षभर चालल्या.

आता टचकडे येते. मला कित्येक वर्षं वाटायचं की टचस्क्रीन म्हणजे मोबाइलबरोबर आलेलं प्रकरण. नाही! बोट ओळखणारी काच पहिल्यांदा बसवली ती पिक्चर ट्यूबवरच. १९६५, इंग्लंडमधलं मालव्हर्न, तिथल्या सरकारी रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन नावाच्या इंजिनिअरने ट्यूबच्या तोंडावर तांब्याच्या बारीक तारा बसवल्या. तारेला बोट लावलं की तिची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज धरायची ताकद, बदलते, सर्किटला कळतं की कुठली तार. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी होतं हे, त्यांना घाईत कीबोर्ड बडवायला वेळ नसतो. म्हणजे आमच्या पाठीत ज्या काचेला हात लावला म्हणून धपाटे बसले, तिला हात लावा असं सांगणारा माणूस माझ्या जन्माच्याही आधी होऊन गेला होता.

दुसरी गोष्ट जिनिव्हाच्या सर्न ह्या अणुसंशोधन संस्थेतली. तिथे जवळजवळ सात किलोमीटर घेराचं, कण वेगाने पळवणारं नवं यंत्र उभं राहत होतं, सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन, आणि कंट्रोल रूममध्ये प्रत्येक गोष्टीला एक बटण लावायचं तर हजारो बटणं लागली असती, भिंतीच्या भिंती भरल्या असत्या. बेंट स्टुम्पे नावाच्या डॅनिश इंजिनिअरने १९७२ च्या मार्चमध्ये हाताने लिहिलेल्या टिपणात तोडगा दिला, की बटणं लावूच नका, काचेवर तांब्याचा पारदर्शक वाटावा इतका बारीक नक्षा कोरा, मागे ट्यूबवर बटणाचं नाव दाखवा, काम बदललं की नाव बदला. १६ बटणांत सगळं. १९७६ ला यंत्र सुरू झालं ते ह्या काचांवर. स्टुम्पेने ते टिपण लिहिलं तेव्हा फार्न्सवर्थ गेल्याला बरोबर वर्ष झालं होतं, आणि त्याच १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. आपल्याकडे काच नुसती बघायला मिळाली त्या साली तिकडे काच बोट ओळखायला शिकत होती. मला असल्या तारखा जुळवत बसायला आवडतं, त्यातून काही निघत नाही.

एकाहून जास्त बोटं ओळखायचं काम १९८२ मध्ये टोरांटो युनिव्हर्सिटीत निमिष मेहता नावाच्या विद्यार्थ्याने केलं, नाव आपल्याकडचं, पण कुठे ऐकू येत नाही फारसं. दुधी काचेच्या मागे कॅमेरा, बोट टेकलं की काळा डाग, आणि डाग किती ते कॉम्प्युटर मोजतो. पण माझा सगळ्यात लाडका माणूस ह्या गोष्टीतला म्हणजे वेन वेस्टरमन. डेलावेअर युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि टाइप करून करून त्याचे हात दुखायला लागले, इतके की की दाबणं नको व्हायचं. म्हणून त्याने आणि त्याच्या सरांनी, जॉन इलायसनी, असा पृष्ठभाग बनवला की ज्याला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की पुरे. फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी काढली. २००५ मध्ये ती अॅपलने घेतली, आणि २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवला गेला.

बघा, दुखऱ्या हाताच्या माणसाला जोर लावायला लागू नये म्हणून केलेली गोष्ट, आणि माझ्या मामाचं त्याच्याशी जमेना, कारण मामाला जोर लावायची सवय.

मी फराळाचं ताट बाजूला ठेवून त्याला सगळं समजावायला बसले. की मामा, ह्या काचेखाली पारदर्शक पट्ट्या आहेत, आडव्या आणि उभ्या, इंडियम-टिन ऑक्साइडच्या. आडव्या पट्टीत सिग्नल सोडायचा, उभ्यावर मोजायचा, मग पुढची आडवी, मग पुढची, सेकंदाला कित्येक वेळा पूर्ण काच तपासून व्हायची. मामा म्हणाला, "म्हंजे हे बी तासंच काढतंय की." हो! आणि पट्ट्यांच्या मधे जो इवलासा चार्ज असतो त्यातला थोडा आपलं बोट पळवतं, कारण बोटात पाणी आहे, मीठ आहे, बोट म्हणजे कपॅसिटरची एक प्लेट. काच मोजते ती ही चोरी.

मामाने चष्मा वर केला. "कपॅसिटर म्हण की मग सरळ. मला काय शाळा शिकवतीस." आणि स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बघितली. अंगठा, तर्जनी आणि मधलं. तीस वर्षं सोल्डर, फ्लक्स, भाजणं, तारेचं इन्सुलेशन नखाने सोलणं. टोकं चामड्यासारखी, चकाकणारी, ठसे जवळजवळ गेलेले. (आधारच्या मशीनवर त्याचं काय होतं ते वेगळंच पुराण आहे.) ओलावा नाही आणि जिवंत चामडी काचेपासून लांब. "डायइलेक्ट्रिक जाड झालंय," तो म्हणाला, म्हणजे कपॅसिटरच्या मधला थर. मग त्याने पोराने हौसेने लावलेला टेम्पर्ड ग्लास नख घालून काढून टाकला, तेवढीच एक काच कमी. थोडा फरक पडला. पण थोडाच.

त्याचा आधीचा फोन नोकिया ५२३३ होता, तो त्याला फार आवडायचा, कारण त्याची स्क्रीन दाबाची होती, वरचा पातळ थर वाकून खालच्याला टेकायचा. नखाने चालायचा, पेनाने चालायचा, टेस्टरनेही चालवायचा हा. तो बिचारा पाण्याच्या टाकीत पडला.

दुकान आता नाही. पॅनलवाले टीव्ही आल्यावर दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदला नाहीतर फेका, काचेला चीर गेली की विषयच संपला, आणि मामाला बदलायचं काम म्हणजे काम वाटायचं नाही. शेवटच्या ट्यूबा भंगारवाल्याने नेल्या, त्याने तिथेच माना तोडून योक काढून घेतली, तांब्यासाठी, आणि काच न्यायला तयार नव्हता कारण शिशाच्या काचेला कोण विचारतो. एक योक मामाने ठेवून घेतलं होतं. कशाला, तर असंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मामा ओसरीवर बसून त्या योकाची तार उलगडत होता. शेजारी जुना पत्र्याचा डबा, त्यात आयसी, म्हणजे चिपा, आणि आयसी ज्यात खोचून यायच्या तो काळा फोम. तो फोम साधा नसतो, त्यातनं करंट जातो, आयसीला स्टॅटिकचा झटका बसू नये म्हणून. मामाने बॉलपेनची रिफिल काढली, पुढच्या तोंडात फोमचा वाटाण्याएवढा बोळा बसवला, तारेवरचा लाखेचा थर ब्लेडने खरवडून तांबं उघडं केलं, एक टोक फोममध्ये आणि बाकीची तार पेनाला बाहेरून गुंडाळली, बोटं धरतात तिथपर्यंत. एकाला एक लागून, एकही वेढा एकमेकांवर चढलेला नाही. फोनवर टेकवलं.

काही नाही.

माझ्या हातात दिलं, मी टेकवलं, लगेच चाललं. त्याच्या हातात परत काही नाही. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "बोटंच धरत्यात की ह्याला. तीच तर बाद हायत." मग डब्यातनं अजून तार काढली, खरवडली, आणि वेढे वर वर नेले, पेनाच्या टोकापर्यंत, जिथे पेन अंगठ्याच्या बेचक्यात टेकतं. तिथली चामडी मऊ असते, तिथे कधी सोल्डर लागलेलं नसतं.

नऊ वाजता पुण्याहून त्याच्या पोराचा फोन आला. मामाने पेन धरलं, डावा हात सवयीने पाठीमागे नेला, आणि हिरवं बटण वर सरकवलं.

"हां, बोल," मामा म्हणाला.